फुली मारलेल्या डिस्क

आमच्या ह्यांना सगळे ‘एकमिनिट’ म्हणायचे. समारंभांचं शूटिंग करायचे ना! हॉलमध्ये नवरानवरी उभे राहिले, कुणी केक कापायला सुरी उचलली, कुणी भाषणाला घसा खाकरला, की ह्यांचं सुरू, “एक मिनिट, एक मिनिट!” मग कॅमेरा खांद्यावर, एक डोळा मिटलेला, मागे मागे सरकत कुणाच्या तरी पायावर पाय. लोक हसायचे, चिडायचे, पण थांबायचे. अजूनही बाजारात कुणी भेटलं तर म्हणतं, तुम्ही एकमिनिटच्या ना? शब्द सगळ्यांच्या लक्षात आहेत. आवाज मात्र कुणाच्याच नाही. माझ्याही नव्हता, आणि हे मला कळलं तेव्हा ते जाऊन इतकी वर्षं झाली होती की रडायलाही लाज वाटावी.

ते गेले तेव्हा आमची मुलगी जेमतेम चार वर्षांची होती. आता ती नोकरी करते, लॅपटॉप घेऊन हिंडते आणि माझ्यावर डाफरते. एका सुट्टीच्या सकाळी मी कांदा चिरत होते. ती ओट्याला टेकून चहा पीत होती. सहज म्हणाली, “आई, बाबा ‘एक मिनिट’ कसं म्हणायचे गं? म्हणून दाखव ना.”

मी म्हणून दाखवलं. दाराशी आलेल्या दूधवाल्यासारखं झालं. ती हसली. मी म्हटलं, थांब थांब, असं नाही, आणि पुन्हा म्हटलं. या वेळी शाळेतल्या बाईंसारखं. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडलं आणि आत काही सापडेचना. चेहरा होता. हसताना डावा गाल आधी वर जायचा, तेही होतं. पण बोलणं? जाड होतं की बारीक? नाकातून यायचं का? एवढी वर्षं ज्या माणसाशी भांडले, ज्याच्या शेजारी झोपले, त्याचा आवाज माझ्या डोक्यातून कधी गळून पडला, मला पत्तासुद्धा नव्हता. मी कांद्याच्या नावाखाली डोळे पुसून घेतले.

मग एकदम आठवलं. “अगं, डिस्क आहेत की! निळ्या डब्यात! सगळ्या घरच्याच आहेत.” आणि मी स्टुलावर चढले देखील.

त्या डिस्कबद्दल आधी सांगायला हवं. गिऱ्हाइकांच्या डिस्कच्या बाबतीत आमचे हे म्हणजे अगदी डोळ्यांत तेल घालून काम करणार. नवीन डिस्कचा गठ्ठा आणला की आधी त्यातल्या चारदोन लिहून बघायचे, मगच बाकीच्या वापरायच्या. बर्नर, म्हणजे डिस्कवर लिहायचं यंत्र, कायम सगळ्यात कमी वेगावर. मी म्हणायची, अहो, दुसरे लोक तेवढ्या वेळात तीन काढतात. तर म्हणे, “काढू देत. त्यांच्याकडे लोक पुन्हा येतात ते तक्रार घेऊन.” बर्नरला काम लावलं की घरात कुणी टेबलाला धक्का मारायचा नाही, धावायचं नाही. लिहून झालं की लगेच ती पूर्ण डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तपासायची, म्हणजे पुन्हा तेवढाच वेळ. वरून कागदी लेबल चिकटवायचं नाही, कारण त्याचा गोंद पुढे आतला थर सोलून काढतो. नाव लिहायचं ते मधल्या पारदर्शक गोल पट्टीवर, बारीक अक्षरात. प्रत्येक गिऱ्हाइकाला एकसारख्या दोन डिस्क द्यायच्या, आणि देताना त्याला प्रवचन, उन्हात ठेवू नका, वरच्या बाजूला ओरखडा पाडू नका. लोक जांभया द्यायचे.

आणि तपासताना एखादी डिस्क अडखळली, की तिच्या मधल्या पट्टीवर एक छोटी फुली मारायची आणि ती टाकायची निळ्या डब्यात. कचऱ्यात नाही हं, डब्यात. चिकट माणूस. म्हणायचे, “अगं, कडेलाच खराब आहे, आतला भाग चांगला आहे. घरच्यासाठी होईल.”

तर घरच्यासाठी त्या होत्या. मुलगी पहिल्यांदा चालली ते फुलीवाल्या डिस्कवर. तिला पहिला दात आला, तिने माझ्या चपला घालून घरभर मिरवलं, सगळं फुलीवर. तेव्हा मात्र हे कॅमेरा स्टँडला लावून स्वतः पुढे यायचे, तिला घोडा घोडा करायचे, भसाड्या आवाजात गायचे. भसाडा म्हणते, पण बघा, तेही मी नुसतं म्हणते, ऐकू येत नाही. मी विचारायची, आपल्या पोरीसाठी एक चांगली डिस्क नाही का तुमच्याकडे? उत्तर ठरलेलं. “सध्या ह्यावर राहू दे. एकदा निवांत झालो की सगळं चांगल्यावर उतरवतो.”

निवांत! झाले एकदाचे निवांत. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच झाले.

मुलीच्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नव्हती. तिने ऑफिसमधून एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. आम्ही दोघी नवीन कपडे घातल्यासारख्या टेबलाशी बसलो. पहिली डिस्क आत गेली. घर्रर्र, टक. घर्रर्र, टक. मग गप्प. मग पडद्यावर आलं, कृपया डिस्क घाला.

“अरे, आत घातलीय ना तुझ्या!” मी लॅपटॉपला म्हटलं. “डिस्क पोटात घेऊन डिस्क मागतोय. निर्लज्ज मेला.”

मुलगी हसली. दुसरी घातली. तिसरी. प्रत्येकीचं तेच, घर्रर्र आणि टक. काहींच्या कडा चहाचा डाग पडावा तशा तपकिरी झाल्या होत्या. ती हसायची थांबली. अर्धाअधिक डबा झाल्यावर एक डिस्क जरा वेळ फिरत राहिली आणि पडद्यावर एक नाव उमटलं: ‘बाई चालते’. हे मुलीला बाई म्हणायचे. माझी बाई, माझी शहाणी बाई. मी तिचा दंड घट्ट धरला. तिने त्या नावावर टिचकी मारली, आणि सगळं तिथेच गोठलं. नाव तेवढं दिसत राहिलं. मग तेही गेलं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेल्या. बिचाऱ्याने जुने जुने तीन ड्राइव्ह काढून बघितलं. म्हणाला, “ह्या मुळातच नीट लिहिल्या गेलेल्या नाहीत, मावशी. ज्या बर्नरवर लिहिल्या तो असता तर एखादी चाललीही असती. आपल्याच हातचं वाईट अक्षर माणसाला वाचता येतं ना, तसं. आहे का तो?” तो मी केव्हाच भंगारात दिला होता, त्यांच्या कॉम्प्युटरसकट. जागा अडवतो म्हणून.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, “राहू दे आई.” रडली असती, माझ्यावर ओरडली असती तरी बरं वाटलं असतं. पण तिने ते “राहू दे” इतकं समजूतदारपणे म्हटलं की मला भर रस्त्यात खाली बसावंसं वाटलं.

घरी आले आणि फोटोसमोर उभी राहून त्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, स्वतःच्या हाताने फुल्या मारल्यात! माहीत होतं तुम्हाला! ज्या लोकांची नावंसुद्धा आठवायची नाहीत तुम्हाला, त्यांच्यासाठी उत्तम, दोन दोन प्रती, आणि आम्ही कोण? आम्ही उरलंसुरलं खाणारे? फोटोत ते हसत होते, डावा गाल वर.

त्या रागातूनच सुचलं. उत्तम डिस्क गिऱ्हाइकांकडे होत्या, मग ह्यांचा आवाजही तिथेच असणार. मी ओळखीच्यांकडे जायला सुरुवात केली. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे त्यांच्या लग्नाची डिस्क होती. टिपटॉप. आत घातली आणि लगेच सुरू. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं संगीत! बासरी, मग सतार, मग पुन्हा बासरी. पाहुणे तोंडं हलवतायत, हसतायत, आणि वर बासरी. दुसऱ्या घरी तेच. मला विसरच पडला होता. एडिटिंगला बसले की हे लग्नांवर संगीत चढवायचे, आणि भाषणं ठेवायची तिथेही स्वतःचा आवाज शोधून शोधून काढून टाकायचे. “शूटिंगवाल्याचा आवाज आला की काम कच्चं वाटतं,” असं त्यांचं म्हणणं. इतक्या मेहनतीने माणूस स्वतःला पुसतो का हो?

एका डिस्कमध्ये नवरदेवाची कॉलर सरळ करायला कडेने एक हात पुढे आला आणि गेला. ह्यांचाच. मुलीने तिथे चित्र थांबवलं आणि बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. “अंगठा माझ्यासारखा आहे,” एवढंच म्हणाली.

त्या रात्री मला भट्टी आठवला.

भट्टी म्हणजे मोठ्या चौकातला बेकरीवाला. भट्टी हे आम्ही घरात ठेवलेलं नाव, कारण एकदा तापला की निवायला दिवस जायचा. त्याच्या आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं शूटिंग ह्यांनी केलं होतं. दिवा धरायला मी होते. डिस्क दिल्याच्या दुसऱ्या दिवशी हा पिठाच्या हातांनी आमच्या दारात. “माझी आई बोलली ते कुठंय? चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदा बोलली बाई, आणि तुम्ही वर बासरी लावलीत?” हे म्हणाले, गोंगाट होता, आवाज नीट आला नव्हता. “नसू दे नीट! मला आईचा आवाज हवा होता, तुमची बासरी नको! जसं होतं तसं द्या, कापाकापी न करता!” अख्खी गल्ली जमा झाली. एरवी गोगलगाय असलेले आमचे हेही त्या दिवशी तडकले. तो गेल्यावर दार आपटून म्हणाले, “देतो. त्याच्या लायकीची डिस्क देतो त्याला.”

आणि दिली. विनाकापाकापीची. म्हणजे जगात ह्यांचा आवाज कुठे उरला असेल तर त्या एका डिस्कवर. आणि ती ह्यांनी रागात लिहिली होती. त्याच्या लायकीची म्हणजे कसली, हे मला विचारायची गरज नव्हती. निळा डबा टेबलाखालीच असायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बेकरीत गर्दी नसते त्या वेळी, मुलीला घेऊन गेले. भट्टी म्हातारा झाला होता. गल्ल्यावर त्याची सून होती, तो मागे ट्रेंना तूप लावत बसला होता. एकदा सांगितलेलं ऐकू जाईना, ओरडून सांगावं लागलं. मी कोण हे कळल्यावर त्याने आधी ओठ आवळले. म्हटलं, आता पेटतो. पण त्याने हात पुसले आणि म्हणाला, “एकमिनिट गेले ते कळलं होतं मला. यायला हवं होतं. नाही आलो.”

मी आढेवेढे न घेता सांगितलं. घरच्या डिस्क गेल्या, मुलीला बापाचा आवाज आठवत नाही, तुमच्याकडे असेल तर तुमच्याकडेच. त्याने ट्रे बाजूला सारला. मग आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला. कपाट उघडलं. खणात आईचा चष्मा, आईची शाल, आणि शालीच्या घडीत ते पाकीट.

“मी कधी लावली नाही ही,” तो म्हणाला.

“म्हणजे? एकदाही नाही? एवढं भांडून नेलीत ती?”

“आणली आणि आठवड्याभरात आई पडली. मग गेलीच. त्यानंतर हिंमत झाली नाही, वहिनी. माणूस चिडून देतो ती वस्तू... रिकामी निघाली असती तर? न लावता ठेवली की निदान आत आहे असं तरी वाटतं.” त्याने पाकीट माझ्यापुढे धरलं. “तुमच्या माणसाचा हात तुम्हाला माहीत. तुम्ही बघा. चांगली आहे का?”

ह्या माणसाची आई त्यात होती, माझा नवरा त्यात होता, आणि दाराआड म्हटलेलं ते वाक्य एकट्या मलाच माहीत होतं. मी डिस्क कडेने धरून बाहेर काढली आणि खिडकीकडे नेली. मधली पट्टी उजेडात फिरवली. फुली नव्हती. पुन्हा फिरवली. ह्यांचं मुंगीएवढं अक्षर होतं: ‘पूर्ण, आवाजासह. दोनदा तपासली.’ आणि पाकिटात मागे दुसरी प्रत. तिच्यावरही तेच.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मला असा संताप आला म्हणून सांगू! “माझ्या लेकीच्या पहिल्या पावलांना फुलीवाली,” मी म्हटलं, “आणि ह्या भांडखोराला दोनदा तपासलेली!”

“काय म्हणालात?” भट्टीने कानाला हात लावला.

“काही नाही. चांगली आहे म्हटलं. लावा.”

मुलीने लॅपटॉप पिठाच्या पोत्यावर फळी टाकून ठेवला, ड्राइव्ह जोडला. डिस्क आत गेली. टक नाही, घर्रर्र नाही, नुसती सळसळ. आणि खोलीत उजेड पडावा तसा तो हॉल आला. खुर्चीत बसलेली छोटीशी आजी, समोर केक, मागे फुगे. आणि कुणी काही बोलायच्या आत, अगदी जवळून,

“एक मिनिट, आजी! एक मिनिट.”

हाच. हाच हो! मला वाटत होतं त्याहून बारीक, किंचित नाकातला, आणि ‘मिनिट’ म्हणताना शेवटी हसू दाबल्यासारखा. कसा विसरले मी? मुलीने दोन्ही हात तोंडावर घेतले होते. पडद्यावर आजी म्हणाली, “तुझं मिनिट संपेस्तोवर मी नव्वदीची होईन रे बाबा!” आणि हॉल हसला. भट्टीही हसला आणि त्याच हसण्यात रडायला लागला, मोठ्याने, एप्रनमध्ये नाक खुपसून.

मग कुणीतरी म्हणालं, आजी, दोन शब्द बोला. आजी उठली. शेजारी उभ्या असलेल्या भट्टीचा हात तिने धरला. “मला काही बोलता येत नाही,” ती म्हणाली, “पण ह्याच्याबद्दल एक सांगायचंय...”

आणि तेवढ्यात कॅमेऱ्याच्या बाजूला एका लहान मुलाने भोकाड पसरलं.

मला काही क्षण कळलंच नाही कुणाचं मूल. चित्र हललं. ह्यांचा आवाज आला, “अगं, दे तिला माझ्याकडे. तू दिवा सोडू नकोस. दे.” त्या दिवशी मुलीला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून बरोबर आणलं होतं, ते तेव्हा कुठे आठवलं. एका हातावर ती, दुसऱ्या खांद्यावर कॅमेरा. आणि मग कॅमेऱ्याच्या माइकला अगदी चिकटून, “काय झालं माझ्या बाईला? कुणी त्रास दिला? आईने? आई वाईट आहे ना? तो बघ केक. बघितलास केवढा? तुला आणू आपण. ह्याच्याहून मोठा आणू. उगी. उगी माझी शहाणी बाई. झोप आली? डोकं ठेव इथे. ठेव...” थांबेचनात. थोपटण्याचा आवाजही येत होता. मुलगी फळीवर डोकं टेकून हमसाहमशी रडत होती आणि मी तिच्या पाठीवर त्याच तालात थोपटत होते.

पडद्यावर आजी बोलत होती. ओठ हलत होते. मधून ती लेकाच्या हाताला हलकेच झटका देत होती. पाहुणे गंभीर झाले, एक बाई डोळे टिपायला लागली. मग टाळ्या पडल्या. आजी खाली बसली.

मी मान वळवली. भट्टी लॅपटॉपवर वाकला होता, कान जवळजवळ पडद्याला टेकलेला.

“आई काय म्हणाली?” त्याने विचारलं.

मुलीने माझ्याकडे बघितलं.

“मला नीट ऐकू येत नाही, म्हणून विचारतो. त्या दिवशीही शेजारी उभा होतो, पण ह्या कानांना धड कळलं नव्हतं. काय म्हणाली ती? तुम्हाला ऐकू आलं असेल ना?”

कुठून ऐकू येणार? माझ्या नवऱ्याने ते सगळं झाकून टाकलं होतं. तेव्हा उलगडा झाला भाषणावरही बासरी का लावली त्याचा. घरी येऊन ऐकल्यावर ह्यांना कळलं असणार, पोरीला गप्प करण्याच्या नादात आपण गिऱ्हाइकाच्या आईचं भाषण बुडवलंय. बोलले नाहीत, मलाही सांगितलं नाही. शरमेने गप्प बसले, आणि भांडणात शरम उघडी पडते म्हणून तडकले. फुलीवाली डिस्क देऊन यंत्रावर ढकलता आलं असतं. तेवढं केलं नाही. स्वतःची चूक दोनदा तपासून त्याच्या हातात दिली.

मी त्याला जमेल तसं ओरडून सांगितलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. “तुमचा माणूस जरा गप्प बसला असता तर...” असं म्हणून त्याने मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा ओला, सुजलेला, आणि तरी इतका उजळलेला की तो पुढे बोललाच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे मला हवं होतं ते पुरेपूर मिळालं होतं, आणि त्याचं त्याच्या हातून गेलं होतं, एकाच जागी, एकाच वेळी.

“परत लावा,” तो म्हणाला. पुन्हा लावली. चारपाच वेळा लावली. शेवटी त्याने हात टेकले. दुसरी प्रत माझ्या हातात दिली. “ही घेऊन जा. भट्टीपाशी जन्म गेला, कान कामातून गेलेत माझे. तुमचे धड आहेत. ऐकत राहा. काही कळलं तर सांगा.”

घरी आल्या आल्या मुलीने ते लॅपटॉपवर घेतलं, आणखी एका ठिकाणी ठेवलं, आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून तपासलं. बापाचीच मुलगी. पहिले काही दिवस आम्ही फक्त त्यांना ऐकलं. जेवताना ऐकलं, कपडे वाळत घालताना ऐकलं. ती आता ‘एक मिनिट’ हुबेहूब म्हणते. मग मी कानात इयरफोन घालून एकटी बसायला लागले, त्यांच्या आवाजाखालचं ऐकायला. मुलीने कॉम्प्युटरवर आवाज वेगळे करायचा काहीतरी प्रकार करून बघितला, पण त्यात दोघांचेही आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे झाले, म्हणून सोडून दिलं. कान लावण्याशिवाय मार्ग नव्हता.

ह्यांचं बोलणं मला पाठ झालं. कुठे श्वास घेतात, कुठे थोपटतात, सगळं. आणि ते पाठ झालं तसं त्यांच्या श्वासांच्या फटींतून म्हातारीचे शब्द सुटे सुटे हाती यायला लागले. ‘पहाटे.’ ‘चपला.’ आठवडे गेले. एका दुपारी ‘आई वाईट आहे ना?’ आणि ‘तो बघ केक’ यांच्या मध्ये एक अख्खं वाक्य आलं, आणि मी चपला अडकवून तशीच बेकरीत गेले.

भट्टीच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, “तुमच्या आई म्हणतात, ‘हा पहाटे कामाला निघतो ना, तेव्हा मी जागीच असते. ह्याला वाटतं मी झोपलेय.’”

तो पोत्यावर बसला. “चपला हातात घेऊन जायचो मी,” तो म्हणाला. “तिची झोप मोडू नये म्हणून. लग्नाआधीपासून. दाराची कडीसुद्धा कापड गुंडाळून काढायचो.” पिठाचा हात त्याने डोळ्यांवरून फिरवला आणि तोंड पांढरं करून घेतलं. “जागी असायची?”

“जागी असायच्या.”

“मग पुढे? पुढे काय म्हणाली?”

“पुढचं अजून येत नाही हो. ‘मी पडल्या पडल्या’ एवढं येतं, आणि मग ह्यांचं मध्ये सुरू होतं.”

“बघा ना, वहिनी,” तो म्हणाला. आयुष्यभर ज्याचा आवाज सातव्या गल्लीत जायचा तो माणूस इतक्या हळू बोलला. “बघा जमलं तर.”

आज दुपारपासून त्याच जागेवर बसलेय. म्हातारी लेकाचा हात हलवते, तोंड उघडते, ‘मी पडल्या पडल्या’, आणि हे सुरू होतात, बघितलास केवढा, तुला आणू आपण. मागे नेते, पुन्हा लावते. ‘मी पडल्या पडल्या’, बघितलास केवढा. पुन्हा. मी डोळे मिटले, इयरफोन कानात दाबले. म्हातारीचा श्वास ऐकू आला, शब्द ओठांवर आला, आणि हे बोलायला लागले.

“अहो, एक मिनिट गप्प बसा ना!” मी ओरडले.

मुलगी आतून धावत आली. “आई? कुणाला ओरडतेयस?”

मी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. तिने एक इयरफोन माझ्या कानातून काढून आपल्या कानात घातला आणि शेजारी बसली. कानात हे बोलतच होते, ह्याच्याहून मोठा आणू, उगी, उगी. आम्ही त्यांचं बोलून होईपर्यंत थांबलो आणि पुन्हा मागे नेलं.